विज्ञानकथेतली चांद्रमोहीम आणि खरी चांद्रमोहीम: हे प्रसंग तपासून हवे आहेत

कर्वेनगर_कथालेखन

नमस्कार. पुण्यातल्या एका दिवाळी अंकासाठी दीर्घ विज्ञानकथा लिहिते आहे. काळ २०४५ च्या आसपासचा, भारतीय मोहीम, चंद्राचा दक्षिण ध्रुव. मुख्य यान चंद्रापासून १०० किमी उंचीच्या ध्रुवीय कक्षेत फिरतंय, त्यात एकजण थांबलेला. लँडरमधून दोघी खाली उतरतात.

प्रसंग साधारण असे आहेत. उतरताना संगणक बंद पडतो, कॅप्टन सगळं हाताने चालवते, धुळीचे लोट उठतात, काही दिसत नाही, तरी ती लँडर टेकवते. पुढे बाहेर काम करताना दुसरीच्या हेल्मेटच्या काचेला तडा जातो आणि कॅप्टन दोन मिनिटांत सूट चढवून तिच्याकडे धावते. मग वीज जाते, केबिन काही मिनिटांत गारठते, ऑक्सिजनचा काटा उतरू लागतो. बंगळुरूशी संपर्क तुटतो, पण नारायणगावजवळ खोडदच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या बहिणीला लँडरचा क्षीण संदेश मिळतो. शेवटी लँडर उड्डाण करतो, तेव्हा मुख्य यान ५०० किमी पुढे निघून गेलेलं असतं; कॅप्टन त्या दिशेने इंजिन पूर्ण जोराने पेटवते आणि त्याला गाठते. मुख्य यानात कृत्रिम गुरुत्वासाठी दहा मीटर त्रिज्येचं फिरतं चाक आहे.

यातलं काय टिकतं, काय पडतं? आणि जे पडतं त्याच्या जागी खरं काय ठेवता येईल? प्रसंगातला ताण कमी व्हायला नको आहे.

---

थ्रॉटल_८००

उतरणीपासून सुरू करतो, कारण तिथे खऱ्या मोहिमांनी कथेपेक्षा जास्त नाट्य दिलं आहे.

चांद्रयान-३ चं वेळापत्रक समोर ठेवा. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ५:४४ ला उतरणी सुरू, ६:०४ ला विक्रम जमिनीवर. सुरुवातीला उंची ३० किमी आणि आडवा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किमी. इंजिन पेटल्यापासून उतरण्याच्या जागेपर्यंत सातशे किलोमीटरहून जास्त अंतर, म्हणजे पुण्याहून निघून थेट नागपूर गाठण्याइतकं. पहिली साडेअकरा मिनिटं (६९० सेकंद) फक्त ब्रेक लावण्यात जातात. या टप्प्यात लँडर जवळजवळ आडवा असतो, इंजिनं पुढच्या दिशेला तोंड करून जळत असतात. उंची ७.४ किमीवर आली की दहा सेकंद स्थिती धरून ठेवायची आणि उपकरणांना जमीन नीट वाचू द्यायची. त्यानंतर जवळजवळ तीन मिनिटांचा बारीक ब्रेकिंगचा टप्पा, मग साधारण ८०० मीटरवरून उभी उतरण आणि १५० मीटरवर थबकून खाली दगड किंवा खड्डे आहेत का ते पाहणं. कथेत उतरणी म्हणजे वरून सरळ खाली येणं असतं. प्रत्यक्षात नव्वद टक्के काम आडवा वेग मारण्याचं आहे.

आता तुमचा मुख्य प्रसंग. संगणक पूर्ण बंद पडला तर हाताने उतरवणं शक्य नाही. अपोलोमध्येसुद्धा 'मॅन्युअल' म्हणजे अंतराळवीराने दांडी हलवायची, उतरण्याचा दर एका स्विचने कमी-जास्त करायचा, आणि कोणता थ्रस्टर (यान वळवणारं छोटं इंजिन) किती वेळ उडवायचा व इंजिनाचा जोर किती ठेवायचा हे संगणकानेच ठरवायचं, असं होतं. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ उतरताना संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला तो याच कारणाने लिहिण्याजोगा आहे. मुख्य यानाशी भेट घडवण्यासाठी असलेल्या रडारकडून निरर्थक संकेत येत राहिले, त्यांनी संगणकाचा वेळ खाल्ला, आणि संगणकाने स्वतःला पुन्हा सुरू करून बिनमहत्त्वाची कामं टाकून दिली, मार्गदर्शनाचं काम मात्र चालू ठेवलं. इशारा वाजतोय, आकडे पडद्यावरून गायब होताहेत, आणि ठरवायचं एवढंच की पुढे जायचं की उतरणी सोडून परत वर जायचं. तुमच्या कॅप्टनला हाच निर्णय द्या.

दुसरा पर्याय, जो मला जास्त आवडेल, तो चांद्रयान-२ च्या अपयशातला. सप्टेंबर २०१९ मध्ये पाच इंजिनांनी मिळून अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला. चुका साठत गेल्या. पण ठरल्या टप्प्यात यान स्थिर ठेवायचं असल्याने त्या लगेच दुरुस्त करता आल्या नाहीत. नंतर वळायची वेळ आली तेव्हा यानाला खूप वेगाने वळावं लागलं आणि सॉफ्टवेअरने त्या वळण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली होती. त्यातच उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच दिलेली, त्यामुळे तिथे पोहोचण्यासाठी यान जमिनीजवळ असताना वेग वाढवू पाहत होतं. म्हणजे इंजिन कमी पडलं नाही, जास्त चाललं! पुढच्या वेळी इस्रोने मधलं पाचवं इंजिन काढलं, ८०० न्यूटनची चार ठेवली, जागा सुमारे ४ किमी बाय २.५ किमी केली, इंधन वाढवलं, आणि पाय सेकंदाला ३ मीटरचा धक्का सोसतील असे मजबूत केले. वेग थेट मोजणारं लेझर उपकरणही नवीन बसवलं.

इंधनाचा हिशेब कथेत जरूर घ्या. चंद्रावर नुसतं तरंगत राहिलात तर दर सेकंदाला १.६२ मीटर/सेकंद एवढा वेग फुकट खर्च होतो. १० टनांचा लँडर धरला तर एक मिनिट घिरट्या म्हणजे सुमारे ३२० किलो इंधन. तेच इंधन परतीसाठीही लागणार आहे, कारण उतरणं नि पुन्हा चढणं मिळून साधारण ३.६ किमी/सेकंद वेगबदल होतो आणि साध्या तापमानाला साठवता येणाऱ्या नेहमीच्या इंधनावर लँडरच्या वजनापैकी ६८-७० टक्के फक्त इंधनच असतं.

धूळ: चंद्रावर हवा नाही म्हणून लोट उठत नाहीत, ढग तरंगत नाहीत. इंजिनाच्या झोताने धूळ जमिनीला समांतर, पातळ चादरीसारखी चहूबाजूंना सुटते, जमीन तिच्याखाली झाकली जाते, आणि इंजिन बंद होताच सगळं क्षणात स्वच्छ. दिसेनासं होणं खरं आहे, 'हळूहळू धूळ खाली बसली' हे वाक्य मात्र काढा. ही धूळ मारही करते. अपोलो १२ दीडशे मीटरहून अधिक अंतरावर उतरलं, तरी तिथे आधीपासून उभ्या सर्व्हेयर ३ या मानवरहित यानाच्या पृष्ठभागावर तिचे ओरखडे सापडले. विक्रमच्या उतरण्याने सुमारे २.०६ टन माती १०८ चौरस मीटरवर विस्कटली, असं इस्रोने नंतर छायाचित्रांवरून काढलं. तुमच्या कथेत जवळपास आधीचं एखादं उपकरण उभं असेल तर ते या माऱ्यात सापडू द्या.

---

निर्वात

सूटबद्दल लिहिते.

काचेला तडा गेला की डोकं फुटतं किंवा माणूस क्षणात गोठतो, हे दोन्ही चूक. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात सूटची चाचणी घेताना जिम लेब्लांक या तंत्रज्ञाच्या सूटची दाबाची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत शुद्ध हरपली. शुद्ध जाण्याआधी जिभेवरची लाळ उकळल्यासारखी जाणवल्याचं त्यांना आठवत होतं. कक्षात लगेच हवा भरली गेली आणि ते बरे झाले. शरीराच्या तापमानाला पाणी सुमारे ६.३ किलोपास्कल दाबाखाली (आपल्या हवेचा दाब १०१ असतो) उकळतं, म्हणून जीभ आणि डोळे यांच्यावरचा ओलावा उडतो. रक्त मात्र वाहिन्यांच्या दाबात असतं, ते तसं उकळत नाही. श्वास रोखून धरणं सगळ्यात घातक, फुफ्फुसं फाटतात. त्यामुळे तुमच्या पात्राने तोंड उघडून श्वास सोडला पाहिजे.

पण तडा म्हणजे पूर्ण निर्वात नव्हे. सूटमध्ये सुमारे ३० किलोपास्कल दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असतो. ३ मिलिमीटरचं छिद्र धरून हिशेब केला तर दर सेकंदाला जवळपास अर्धा ग्रॅम ऑक्सिजन बाहेर जातो. सूटमधली मोकळी जागा ५० लिटर मानली तर आत एकूण २० ग्रॅमच वायू आहे. भर घातली नाही तर पाऊण मिनिटात दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच खऱ्या सूटमध्ये दाब घसरला की आपोआप उघडणारी दुय्यम टाकी असते. ती चालू झाली की काटा स्थिर राहतो, पण तासाला पावणेदोन किलोच्या आसपास ऑक्सिजन उडतो. तेव्हा तुमच्या प्रसंगाला सेकंदांचं नव्हे, मिनिटांचं घड्याळ लावा: लँडरपर्यंतचं अंतर किती, टाकीत किती उरलं, चालण्याचा वेग किती. वाचक स्वतः भागाकार करू लागेल.

कॅप्टनने दोन मिनिटांत सूट चढवून धावणं जमणार नाही. कपडे चढवायचा वेळ हा त्यातला लहान भाग. केबिनमध्ये आपल्यासारखी १०१ किलोपास्कल हवा असेल आणि ती एकदम ३० किलोपास्कलच्या सूटमध्ये शिरली, तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. पाणबुड्यांना होतो तोच त्रास: सांधे धरतात, जास्त झालं तर मेंदूवर परिणाम. म्हणून आधी काही तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन नायट्रोजन बाहेर काढावा लागतो. यातून सुटका हवी असेल तर लँडरच्या केबिनमध्ये दाब ५६ किलोपास्कल आणि ऑक्सिजन ३४ टक्के ठेवा. पुढच्या चांद्रमोहिमांसाठी नासाने असंच मिश्रण सुचवलं आहे. तयारीचा वेळ बराच घटतो. त्याची किंमत म्हणजे आगीचा धोका वाढतो. २७ जानेवारी १९६७ ची अपोलो १ ची आग शुद्ध ऑक्सिजनमध्ये, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला असताना लागली होती. त्या वातावरणात एरवी नुसती धुमसणारी सामग्रीही भडकून पेटते.

आणखी एक. तिघांपैकी कोणी जखमी न होताही सूट जीवघेणा ठरू शकतो. १६ जुलै २०१३ ला लुका पारमितानो अंतराळ स्थानकाबाहेर काम करत असताना थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतलं पाणी हेल्मेटमध्ये साचू लागलं. पाणी वेगळं करणाऱ्या भागातली छिद्रं तुंबली होती. वजनरहित अवस्थेत पाणी खाली पडत नाही, ते नाकाडोळ्यांना चिकटून बसतं. त्यांना जवळजवळ काही दिसत नसताना दोरीच्या आधाराने परत यावं लागलं. चंद्रावर पाणी गळ्याशी उतरेल, त्यामुळे हा प्रसंग हवा असेल तर कक्षेतल्या माणसाला द्या.

---

सदाशिव_वाचक

वरचे प्रतिसाद उत्तम आहेत, पण एक विनंती. कथा वाचणारा पावणेदोन किलोचा हिशेब करायला बसत नाही. इतके आकडे आले तर कथा प्रबंध होईल. कथेत थोडी मोकळीक हवीच.

---

निर्वात

मोकळीक घ्यावीच, पण एकाच ठिकाणी आणि उघडपणे. नवं इंजिन शोधलं गेलंय असं म्हणा, वाचक मान्य करेल. मग त्या इंजिनाच्या मर्यादा शेवटपर्यंत पाळा. आकडे छापायची गरज नाही, ते लिहिणारीच्या वहीत असावेत. आयुका ही खगोलसंशोधन संस्था उभी करणाऱ्या जयंत नारळीकरांनी पुण्यातच बसून वर्षानुवर्षं विज्ञानकथा लिहिल्या. मराठी वाचकाला हिशेबात बसणारी कथा परकी नाही.

---

खोडद_फाटा

संपर्काचा भाग माझ्या आवडीचा आहे आणि तुमची बहिणीची कल्पना अजिबात अशक्य नाही.

१९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा सुमारे ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण संदेश खोडदच्या जीएमआरटीने, म्हणजे तुमच्या कथेतल्याच दुर्बिणीने, थेट पकडला, तोही साडेसतरा कोटी किमीच्या आसपास अंतरावरून. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश मिळून ही दुर्बीण होते. पॅराशूट उघडल्यानंतर, जमिनीला टेकायच्या थोडं आधी, संदेश थांबला. संदेश पोहोचायलाच पावणेदहा मिनिटं लागत होती, म्हणजे इथे पडद्यावरची रेघ पुसली गेली तेव्हा यान कधीच आदळलेलं होतं.

आदळण्याचं कारण तुम्हाला उपयोगी पडेल. पॅराशूट उघडताना यान जोरात हेलकावलं. फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण मोजमापाच्या कमाल मर्यादेला जाऊन तिथे सुमारे एक सेकंद अडकलं. संगणकाने तो आकडा खरा धरून यानाची दिशा चुकीची मांडली, त्या दिशेने रडारचं अंतर मोजलं, आणि उत्तर आलं की यानाची उंची शून्याखाली आहे. मग त्याने नियमाप्रमाणे पॅराशूट सोडलं, थ्रस्टर सुमारे तीन सेकंद चालवून बंद केले, आणि जमिनीवर पोहोचल्यावरची कामं सुरू केली. यान तेव्हा ३.७ किमी उंचीवर होतं. एकही भाग मोडला नव्हता. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, फक्त एका सेकंदाच्या चुकीच्या आकड्याला कोणी 'हे शक्य आहे का?' असं विचारलं नाही.

तुमच्या कथेसाठी अटी अशा. जीएमआरटी फक्त ऐकते, बोलू शकत नाही. बहीण उत्तर पाठवू शकणार नाही. ती साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते. चांद्रमोहिमा पृथ्वीशी बोलायला सहसा २२०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा एस बँड वापरतात, तो तिच्या टप्प्यात येत नाही. म्हणून लँडरचा मुख्य ट्रान्समीटर बंद पडू द्या आणि लँडर व मुख्य यान यांच्यातला जवळचा, ४०० मेगाहर्ट्झचा यूएचएफ रेडिओ चालू ठेवा. तो पृथ्वीसाठी नाहीच, पण खोडदला मिळेल. शिवाय चंद्र तेव्हा खोडदच्या आकाशात वर आलेला हवा. हे पंचांग पाहून ठरवा, कथेतली तारीख त्याच्याशी जुळवा.

संदेशात शब्द ऐकू येतील असं लिहू नका. पडद्यावर आधी दिसते ती एक वारंवारतेची रेघ. ती सरकते, कारण लँडरचा वेग पृथ्वीच्या संदर्भात बदलतो. रेघ स्थिर सरकते आहे म्हणजे लँडर कक्षेत मोकळा फिरतोय. एकदम वाकली म्हणजे इंजिन पेटलं. बहिणीला या वळणावरूनच कळेल की उड्डाण झालं. कोणी न बोलता केवढी बातमी मिळते!

वेळेचं म्हणाल तर चंद्रापर्यंत संदेशाला १.२८ सेकंद लागतात, प्रश्नाला उत्तर यायला अडीच सेकंदांहून जास्त. तेवढ्यात दोघंही बोलून बसतात आणि वाक्यं एकमेकांवर चढतात. मंगळाला एका दिशेने ३ ते २२ मिनिटं, तिथे संभाषण होतच नाही, पत्रव्यवहार होतो. दक्षिण ध्रुवावरून पृथ्वी क्षितिजालगत असते, मध्ये डोंगर आला की संपर्क गेला; तुमचा संपर्क तुटायला स्फोट लागत नाही, लँडर ठरल्या जागेपासून दोन किमी सरकून उताराच्या चुकीच्या बाजूला टेकला तरी पुरे (मात्र मग तो वर उडेपर्यंत खोडदलाही काही मिळणार नाही). बंगळुरूजवळ ब्यालालूला इस्रोचा ३२ मीटरचा अँटेना आहे, पण पृथ्वी फिरते, चंद्र मावळला की परदेशी केंद्रांची मदत लागते. चांद्रयान-३ लाही ती घ्यावी लागली होती.

आयुका आणि जीएमआरटी दोन्ही विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी खुली असतात. बहिणीचं पात्र लिहिण्याआधी खोडदची नियंत्रण खोली पाहून या.

---

प्रारण

गारठा आणि चाक, थोडक्यात.

निर्वातात उष्णता जायला एकच वाट: प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर पडणं. वीज गेली तर केबिन मिनिटांत गोठत नाही, तास-दिवस लागतात. अपोलो १३ मध्ये (एप्रिल १९७०) वीज वाचवण्यासाठी जवळपास सगळं बंद केल्यावर केबिन बऱ्याच तासांनी ३-४ अंशांवर आली आणि भिंतींवर, उपकरणांच्या पाट्यांवर पाणी साचलं. यंत्रं पुन्हा चालू करताना त्या पाण्याने शॉर्ट सर्किट होईल ही खरी भीती होती. एरवी यानाची अडचण उलटी असते: यंत्रं नि माणसं उष्णता तयार करत राहतात आणि ती टाकायला जागा नसते. अंतराळ स्थानकावर त्यासाठी अमोनिया खेळवणारे मोठे पत्रे, म्हणजे रेडिएटर, लावलेले आहेत. तुमची वीज गेल्यावर आधी गारठा नाही, शांतता येईल. केबिनमध्ये हवा फिरवणाऱ्या पंख्यांची घरघर सतत असते. ती थांबली की कक्षेतल्या वजनरहित यानात झोपलेल्या माणसाच्या तोंडापाशी त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचतो, कारण गरम हवा वर जाणं हा प्रकारच तिथे नाही.

चाक: दहा मीटर त्रिज्येत पृथ्वीइतकं वजन हवं तर मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतात. डोकं वळवताच घेरी येईल, आणि उभं राहिल्यावर डोक्यापाशी पायांपेक्षा १७ टक्के कमी वजन. मिनिटाला दोन फेऱ्यांवर यायचं तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर होते. चंद्राच्या छोट्या मोहिमेला चाक काढूनच टाका.

---

कर्वेनगर_कथालेखन

सगळ्यांचे मनापासून आभार. चाक काढलं. उतरणीला चांद्रयान-२ सारखी जास्त जोराची चूक घेते. यूएचएफ रेडिओ आणि रेघेचं वळण तर कथेचा कणाच होईल.

शेवट राहिला. मुख्य यान ५०० किमी पुढे, लँडरमध्ये हवा शुद्ध करणारी यंत्रणा बंद, दोघी आत. इंजिन पेटवून गाठता येत नसेल तर मग काय करायचं?

---

कक्षागणित

हा तुमच्या कथेतला सर्वांत मोलाचा प्रसंग आहे, म्हणून सविस्तर.

१०० किमी उंचीवर वेग सेकंदाला १६३४ मीटर आणि एक फेरी सुमारे ११८ मिनिटांची. ५०० किमी अंतर म्हणजे उड्डाणाला फक्त पाच मिनिटं उशीर झाला. आधी हे ठरवा की पुढची फेरी येईपर्यंत दोन तास खालीच का थांबल्या नाहीत. ध्रुवाजवळ उतरल्यामुळे ध्रुवीय कक्षेतलं मुख्य यान दर फेरीला जवळून जातं, त्यामुळे थांबणं हाच शहाणपणाचा मार्ग होता. थांबता न येण्याचं ठोस कारण द्या. टाकीची गळती चालेल.

आता कॅप्टनने पुढे असलेल्या यानाकडे तोंड करून २० मीटर/सेकंद वेग वाढवला असं समजा. पहिली काही मिनिटं अंतर कमी होताना दिसेल. पण वेग वाढला की कक्षा वर फुगते, फेरी लांबते, आणि एका फेरीनंतर लँडर आणखी सव्वाचारशे किमी मागे पडलेला असेल. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ मध्ये जिम मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जाण्यासाठी असंच त्याच्या दिशेने इंजिन चालवलं, बरंच इंधन खर्च झालं आणि शेवटी तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. डोळ्यांना दिसणारी दिशा फसवते. अगदी जवळ, काहीशे मीटरवर, ती उपयोगी पडते.

गाठायचं तर वेग कमी करायचा. कमी वेगाने कक्षा खाली येते, फेरी लहान होते, आणि तुम्ही पुढच्याला गाठता. ५० किमीचं अंतर असतं तर सेकंदाला अवघे २.४ मीटर कमी करून, पलीकडच्या बाजूला ८९ किमीपर्यंत खाली उतरून, एका फेरीत भेट झाली असती. पण ५०० किमी एका फेरीत भरून काढायचे तर पलीकडची उंची १०७ किमीने घटते. कक्षाच १०० किमीची आहे, म्हणजे लँडर चंद्रावर आदळणार. म्हणून ते पाच फेऱ्यांत वाटायचं: ४.७ मीटर/सेकंद कमी, सर्वांत कमी उंची ७९ किमी, शेवटी तेवढाच वेग परत वाढवायचा. इंधन नगण्य लागतं. वेळ जातो जवळजवळ दहा तास.

त्या दहा तासांत हवेचं काय होतं ते पाहा. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि ०.८४ किलो ऑक्सिजन घेतो. केबिन १० घनमीटर आणि वर सांगितलेलं ५६ किलोपास्कलचं मिश्रण धरलं, नवा ऑक्सिजन अजिबात सोडला नाही, तरी दहा तासांनी उरलेला ऑक्सिजन लेहच्या उंचीवर मिळतो तेवढा असेल. धाप लागेल, पण जगता येईल. कार्बन डायऑक्साइड मात्र साडेचार किलोपास्कलच्या पुढे जाईल: डोकेदुखी, जोराचा श्वास, गोंधळलेलं डोकं, चुकीची बटणं. अपोलो १३ मध्येही कमी पडत होती ती हा वायू शोषणारी लिथियम हायड्रॉक्साइडची डबडी; मुख्य यानातली चौकोनी होती, लँडरची जागा गोल. तुमचा काटा ऑक्सिजनचा नको, कार्बन डायऑक्साइडचा हवा.

आणि इथे वर थांबलेल्या तिसऱ्या माणसाला काम द्या. लँडरने गाठायच्या ऐवजी मुख्य यानाने थांबायचं, आणि कक्षेत थांबायचं तर वेग वाढवायचा. त्याने २४ मीटर/सेकंद वेग वाढवला की त्याची कक्षा पलीकडच्या बाजूला २०७ किमीपर्यंत चढते, फेरी ११८ ऐवजी १२३ मिनिटांची होते, आणि तो त्याच बिंदूवर परत येतो तेव्हा लँडर नेमका तिथे पोहोचलेला असतो. तिथे पुन्हा २४ मीटर/सेकंद कमी. दहा तासांचं काम दोन तासांवर आलं आणि कार्बन डायऑक्साइड एक किलोपास्कलच्या आतच राहिला. २५ टनांच्या यानाला यासाठी सुमारे ४०० किलो इंधन लागेल. ते पृथ्वीकडे परतण्याच्या साठ्यातून जाईल, म्हणून हा निर्णय त्याला सोपा नको. बिघाड असा ठेवा की बंगळुरू त्याच्याशी बोलू शकतं, लँडरशी नाही. खोडदच्या रेघेवरून लँडरचा वेग कळला, तो बंगळुरूने त्याला सांगितला, आणि त्यावरून त्याने इंजिन किती सेकंद चालवायचं ते ठरवलं, असं केलंत तर बहीण, मुख्य यान आणि लँडर तिन्ही एका हिशेबात येतात.

शेवटचा टप्पा घाईत उरकू नका. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत, ३० डिसेंबर २०२४ ला सोडलेल्या सुमारे २२० किलोच्या दोन उपग्रहांनी १६ जानेवारी २०२५ ला एकमेकांना पकडलं. मध्ये अंतर ठरल्यापेक्षा जास्त सरकल्याने तारीख पुढे गेली होती, एकदा ३ मीटरपर्यंत येऊन मागेही सरकावं लागलं. भिडतानाचा वेग सेकंदाला १० मिलिमीटरच्या घरातला. तुमच्या यानांनाही पाच किमी, दीड किमी, ५०० मीटर, १५ मीटर, ३ मीटर असे थांबे द्या. प्रत्येक थांब्यावर कोन नि वेग तपासून मगच पुढे. भिडल्यावर पकड घट्ट झाली तरी झडप, म्हणजे मधलं दार, लगेच उघडत नाही. आधी मधल्या बोळकांडीत हवा भरून गळती आहे का ते पाहायचं, आणि तुमच्या लँडरमध्ये ५६ तर मुख्य यानात १०१ किलोपास्कल असल्याने दाब सावकाश सारखा करायचा. तोपर्यंत लँडरमधला कार्बन डायऑक्साइड वाढतच असतो. मुख्य यानातली हवा झडपेच्या लहान व्हॉल्व्हमधून लँडरमध्ये येऊ लागली की तो पातळ होत जाईल, पण आकडा कमी दिसायला काही मिनिटं लागतील. त्या मिनिटांत कॅप्टनने झडपेच्या कडीला हात लावायचा नाही.